जुन्या नाण्याचें मोल : रूप आणि टांकसाळीची खूण

हरसूलसारख्या डोंगराळ मुलखांत चांदीचे जुने रुपये कित्येक घरीं आजहि जपलेले आढळतात. कांहीं गाडग्यांत ठेवलेले, तर कांहीं कडी जोडून माळेंत ओंवलेले. नड पडली म्हणजे ते सोनाराकडे जातात आणि चांदीच्या भावानें विकले जातात. इ. स. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचें वजन सुमारें ११.६६ ग्रॅम असून त्यांत बारांपैकीं अकरा भाग चांदी असे. १९४० पासून हें प्रमाण निम्म्यावर आलें. तेव्हां सन पाहिल्यावांचून नाणें तराजूंत टाकणें नुकसानीचें होय. शिवाय नाण्याचें मोल केवळ धातूंत नसतें.

पहिली गोष्ट स्थितीची. नाणें हातोहात फिरूं लागलें म्हणजे त्याचे उंचवटे प्रथम झिजतात. मुकुटावरील व वस्त्रावरील बारकावे जातात, मागून अक्षरें पुसट होतात. हे बारकावे शाबूत असलेल्या नाण्यास त्याच सनाच्या झिजलेल्या नाण्याच्या कित्येक पट किंमत येऊं शकते. चिंच किंवा राख लावून नाणें लख्ख करण्याची चाल घरोघरीं आहे. परंतु घासल्यानें वरचा सूक्ष्म थर निघून जातो आणि तो पुन्हां येत नाहीं. चांदीवरील काळसर झांक गंधकाच्या संयोगानें हळूहळू चढते. संग्राहक तिला मळ न मानतां जुनेपणाची साक्ष मानतात. कडी डाखलेलें वा भोंक पाडलेलें नाणें मात्र त्यांच्या लेखीं उणें ठरतें.

दुसरी गोष्ट टांकसाळीच्या खुणेची. पंचम जॉर्जच्या मुंबईस पडलेल्या रुपयावर सनाच्या बाजूस बारीक टिंब असतें, कलकत्त्याच्या रुपयावर तें नसतें. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची ताऱ्याची, तर नोएडाची टिंबाची आहे. खूण स्वतः मोल वाढवीत नाहीं. एकाच सनांत एका टांकसाळींत थोडीं व दुसरींत पुष्कळ नाणीं पडलीं, तर थोडक्यांस मागणी येते. ती निवड खुणेवरून होते. १९३९ चा रुपया असाच दुर्मिळ असल्यानें त्याचीं बनावट नाणींहि निघतात.

खुणेचें महत्त्व नाशिक जिल्ह्यास नवें नाहीं. जोगलटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली मुद्रा पुन्हां उठविलेली होती. एका राजाचा पराभव व दुसऱ्याचा विजय त्या ठशांनींच सांगितला. तीं नाणीं आधींच आटविलीं गेलीं असतीं, तर हा पुरावा नाहींसा झाला असता.

शेतांत असा ठेवा लागल्यास १८७८ च्या कायद्यान्वयें कलेक्टरास कळविलें पाहिजे. जुन्या नाण्यास लाखों रुपये देऊं असें सांगून आधीं शुल्क मागणाऱ्यांपासून सावध असावें. रिझर्व्ह बँकेनें २०२१ सालीं आपला अशा व्यवहारांशीं संबंध नसल्याचें जाहीर केलें आहे. घरच्या नाण्यास न घासतां, कडेस धरून, कोरड्या कागदांत ठेवावें आणि विकण्यापूर्वीं दोन जाणकारांस दाखवावें. त्यानें पूर्वजांची ठेव मातीमोल होण्याचें टळेल.