शंका मनात, अर्ज घरात

हिंगण्यात सातबाऱ्यावरची नोंद खटकली, तर माणूस टपरीवर तासभर बोलेल; तलाठ्याला विचारणार नाही. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे. पण फेरफार, दाखले, उद्याची सगळी कामं त्याच टेबलावर अडणार असतात. एमआयडीसीच्या धुराचं तर बोलूच नका, घरातलाच कुणी तिथे कामाला असतो. शिवाय कलमांच्या भाषेपुढे आपलं अज्ञान उघडं पडेल, ही लाज.

लेखी विचारायची वाट आहे: माहिती अधिकार कायद्याखाली (2005) अर्जाचं शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कारण सांगावं लागत नाही. नाव-पत्ता मात्र हवा, आणि लहान गावात नेमकं तेच नको असतं. 2013 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स क्रमांक चालेल, असं म्हटलं. नावाचा प्रश्न उरतोच.