गांडूळ आणि मांडूळ

वळवाचा पाऊस पडून गेला की वडूजच्या शिवारात बांधाकडेचं एखादं ढेकूळ उचलून बघा. खाली गांडूळ वळवळत असेल. कधीकधी याच शिवारात मांडूळही दिसतं. नावं जुळणारी, दोघंही लांबडे, बिनपायाचे, मातीत राहणारे. मग हे भाऊ-भाऊ असतील का?

मुळीच नाही! गांडुळापेक्षा तुम्हीच मांडुळाच्या जवळचे नातेवाईक आहात.

पाठीच्या मधोमध बोट फिरवा. मणके लागले ना? मांडूळ हा साप. त्याच्या पाठीतही असे शेकडो मणके असतात आणि त्यांच्यातून मज्जारज्जू जातो. येरळा नदीतला मासा, येरळवाडीच्या तलावावर येणारा रोहित पक्षी, माळावरची मेंढी आणि आपण, सगळे याच बांधणीचे. म्हणून आपण पृष्ठवंशी.

गांडुळात मात्र हाड औषधालाही सापडत नाही. अंगभर नुसती वलयं, म्हणून ते वलयी प्राणी. त्याची मुख्य चेतारज्जू पाठीकडून नाही, पोटाकडून जाते. श्वास ओल्या कातडीतून. त्याला कोऱ्या कागदावर अलगद ठेवा आणि कान जवळ न्या. बारीक खरखर ऐकू येईल. अंगावरच्या सूक्ष्म, राठ केसांचा तो आवाज. त्यांनीच माती धरून ते पुढे सरकतं. ऐकून झालं की त्याला लगेच ओल्या मातीत सोडा हं!

खेकड्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं कवच हाच त्याचा सांगाडा. वाढताना तो जुनं कवच टाकून देतो. सांध्यासांध्यांचे पाय असलेले नाकतोडा आणि विंचू त्याच्याच गोतावळ्यातले. हे संधिपाद. त्यांतल्या नुसत्या कीटकांच्याच १० लाखांवर जाती नोंदलेल्या आहेत. मऊ अंगाची गोगलगाय मृदुकाय. समुद्रातला ऑक्टोपस तिचा भाऊबंद!

१७५८ साली लिनियस या शास्त्रज्ञाने गांडूळ आणि गोगलगाय एकाच गटात घातले होते. पुढे १८१७ मध्ये क्यूव्हिए या दुसऱ्या शास्त्रज्ञाने शरीराच्या आतली रचना पाहून प्राण्यांचे गट पाडले. तेव्हा रूपावर जाऊ नका, बांधणी बघा.

आणि मांडुळाची शेपूट बोथट असते, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. तोंड एकच! गुप्तधनाच्या खुळ्या समजुतीपायी त्याची चोरटी विक्री होते. ते बिनविषारी आहे, उंदीर खातं आणि कायद्याने संरक्षित आहे. दिसलं तर लांबूनच बघा आणि त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या.