यंत्र रिक्षा कशी ओळखते?

गेल्या वर्षी भूगोल विभागाच्या प्रात्यक्षिकासाठी आम्हा पाच-सहा विद्यार्थ्यांना एस. टी. स्थानकासमोरच्या चौकात वाहने मोजण्यास उभे केले होते. प्रत्येकाच्या हाती रकाने आखलेला कागद : सायकल, दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, मालट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी. वाहन गेले की त्याच्या रकान्यात एक काडी. चार काड्या झाल्या की पाचवी आडवी. तीन तासांत माना अवघडल्या आणि, खरे सांगायचे तर, शेवटच्या काही काड्या अंदाजाने पडल्या. माझा आतेभाऊ अभियांत्रिकी शिकतो. त्याला हे सांगताच तो म्हणाला, "अगं, मोबाइलवर चित्रण करून आण. संगणक मोजून देईल."

त्याप्रमाणे अर्ध्या तासाचे चित्रण मी त्याला नेऊन दिले. त्याने एक तयार प्रोग्रॅम त्यावर चालवला. पडद्यावरच्या प्रत्येक वाहनाभोवती भराभर रंगीत चौकटी उमटू लागल्या नि चौकटीवर वाहनाचे नाव. दुचाकी, बस, मोटारी अचूक. परंतु रिक्षा आली की यंत्र कधी तिला 'मोटार' म्हणे, कधी 'मालट्रक'. उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरही 'मालट्रक'च. बैलगाडी आली तेव्हा तर गाडी त्याला दिसलीच नाही. बैलांभोवती मात्र दोन चौकटी आल्या आणि त्यांवर लिहिले होते, 'गाय'!

आम्ही पोट धरून हसलो. पण नंतर मनात आले, हे यंत्र पाहते म्हणजे नेमके काय करते? त्याविषयी जे समजून घेता आले ते येथे मांडत आहे.

आकड्यांचे चित्र

संगणकाला चित्र दिसत नाही; त्याला आकडे मिळतात. साधारण मोबाइलच्या चित्रणातील एका चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे, शून्यापासून २५५ पर्यंत. रिक्षा असो वा रिकामा रस्ता, यंत्रापुढे येतो तो हा आकड्यांचा तक्ता.

या तक्त्यावरून नऊ घरांची एक छोटी चौकट फिरवली जाते. खालच्या आकड्यांना चौकटीतील आकड्यांनी गुणून बेरीज करायची. चौकटीतील आकडे योग्य निवडले, तर जेथे अंधार संपून उजेड सुरू होतो तेथे बेरीज एकदम वाढते. म्हणजे तेथे एखाद्या वस्तूची कड आहे. अशा अनेक चौकटींतून कडा सापडतात. पुढच्या थरात कडांवरून कोपरे व कमानी, त्यापुढे चाक, काच, दिवा, आणि शेवटी सबंध वाहन. जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० साली अशी थरांची रचना मांडली. १९८९ साली यान लकून यांनी याच वाटेने पाकिटांवरील हस्तलिखित पोस्टाचे आकडे वाचून दाखवले.

चुकत चुकत शिकणे

चौकटीतील ते आकडे ठरवतो कोण? कोणीच बसून लिहीत नाही. आरंभी ते वाटेल तसे घेतात. मग माणसांनी नावे लिहून ठेवलेली लक्षावधी चित्रे यंत्राला दाखवतात. यंत्र उत्तर देते, चुकते, आणि जितके चुकले त्या मानाने सर्व आकडे किंचित किंचित बदलतात. हे लाखो वेळा घडले की चुका कमी होतात. पाढे घोकणाऱ्या मुलासारखेच हे आहे. मात्र पाढ्याचा अर्थ यंत्राला कळला असे म्हणता येत नाही.

१९६६ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत सेमूर पॅपर्ट यांनी संगणकाच्या दृष्टीचा बराचसा भाग एका उन्हाळी सुटीत उभा करण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांसाठी आखला होता. प्रत्यक्षात चित्र ओळखण्याच्या स्पर्धेत या थरांच्या पद्धतीने इतर सर्व पद्धतींना मागे टाकले ते २०१२ साली.

यादीत नसलेले वाहन

आता आमच्या रिक्षेकडे वळू. आतेभावाचा प्रोग्रॅम 'कोको' नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात ८० प्रकारच्या वस्तूंची नावे आहेत. सायकल, मोटार, मोटारसायकल, बस, आगगाडी, मालट्रक हे सारे त्यात आहे. गाय आहे, हत्ती आणि जिराफही आहे. रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही.

यंत्र प्रत्येक वस्तूला यादीतील नावांनुसार गुण देते आणि सर्वाधिक गुणांचे नाव लावते. सर्वच गुण ठरावीक मर्यादेखाली राहिले, तर तेथे काही नाहीच असे धरते. रिक्षेचे गुण मोटारीशी जुळले म्हणून ती मोटार झाली. बैलगाडीचे कशाशीच जुळले नाहीत म्हणून ती नाहीशी झाली. दोष यंत्राच्या नजरेचा नव्हता, यादी करणाऱ्यांच्या रस्त्यांचा होता.

ही उणीव आपल्याकडे ओळखली गेली आहे. हैदराबादच्या आय. आय. आय. टी. या संस्थेच्या पुढाकाराने २०१८ साली भारतीय रस्त्यांवरील दहा हजार चित्रांचा संग्रह तयार झाला. त्यातील ३४ नावांत रिक्षेला स्वतंत्र स्थान आहे.

तरीही एक गोष्ट उरतेच. आमच्याकडे 'वडाप' म्हणतात ती आकाराने जीपच. पण घरची जीप निराळी आणि माणसे भरून गावोगाव फिरणारे वडाप निराळे. हा भेद आकारात नाही, वापरात आहे. एका चित्रावरून तो यंत्राला कसा कळावा?

क्रमांकाची पाटी

वाहनाचा प्रकार ओळखणे ही एक गोष्ट. हेच ते वाहन, हे ओळखणे दुसरी. त्यासाठी क्रमांकाची पाटी वाचावी लागते. ब्रिटिश पोलिसांच्या विज्ञान शाखेत १९७६ साली हे तंत्र प्रथम तयार झाले. यंत्र आधी पाटी शोधते, तिरकी असल्यास सरळ करते, मग एकेक अक्षर वाचते. इंग्रजी आठचा आकडा व 'बी', किंवा शून्य व 'ओ', यांत गफलत होते. तेव्हा कोणत्या जागी अक्षर असते व कोणत्या जागी आकडा, या नियमाचा आधार घेतात. पण आपल्याकडे हौस दांडगी. कोणी २१४ असे वळवून लिहितो की 'राम' वाचावे. माणूस कौतुकाने हसतो, यंत्र गोंधळते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून असे कॅमेरे नियम मोडणारी वाहने टिपू लागले. त्यांचा उपयोग निःसंशय मोठा आहे. मात्र अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ऑरोरा शहरी २ ऑगस्ट २०२० रोजी जे घडले ते विसरता येत नाही. पाटी वाचणाऱ्या यंत्राने एक गाडी चोरीची असल्याचा इशारा दिला. पोलिसांनी बंदुका रोखून गाडीतील कृष्णवर्णीय स्त्रीला व चार मुलींना उतरवले. मुलींना तापल्या जमिनीवर पालथे झोपवले, काहींना बेड्या घातल्या. सर्वांत धाकटी सहा वर्षांची होती. नंतर उलगडा झाला : चोरीचे वाहन होते मोंटाना राज्यातील मोटारसायकल! क्रमांक तोच, पण राज्य निराळे आणि वाहनही निराळे. शहराने २०२४ साली त्या कुटुंबाला १९ लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

मोटारसायकल आणि मोटार यांतील फरक आमच्या चौकातले शाळकरी पोरही सांगेल. यंत्राने आकडे जुळवले. समोर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहण्याचे काम माणसांचे होते आणि ते त्यांनी केले नाही. यंत्राचे उत्तर हा अंदाज असतो. त्यावरून दंड किंवा अटक करण्यापूर्वी कोणीतरी डोळे उघडून पाहिलेच पाहिजे.

यंदा आमचा गट पुन्हा त्याच चौकात गेला. या खेपेस काड्या मारण्याऐवजी आम्ही चारशे चित्रे घेतली असून त्यांवर स्वतः नावे लिहीत आहोत. ती शिकवून आतेभावाचा प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा आहे. टमटम आणि रिक्षा एक की दोन, ट्रॉली हा ट्रॅक्टरचाच भाग की स्वतंत्र वाहन, यावर रोज वाद होतात. सरांनी 'वडाप' हा रकाना तूर्त कोरा ठेवण्यास सांगितले आहे. बैलगाडीचे नाव मात्र आम्ही पहिल्याच दिवशी लिहिले.