काशीचे घाट पाण्यातून, दिवसभर

काशीला गेलेला मराठी यात्रेकरू होडीत बसतो तो बहुधा संध्याकाळी. दशाश्वमेधावरची आरती समोरून दिसावी म्हणून नाव ठरते, ती मणिकर्णिकेपर्यंत जाऊन वळते, आरतीच्या गर्दीत नावेला नाव लावून थांबते आणि तास-दीड तासात उतरवून देते. दुसऱ्या दिवशी विश्वनाथाचे दर्शन, बाजारात फेरी आणि पुढे प्रयाग किंवा गया. त्रिस्थळीच्या बऱ्याच सहली अशाच आखलेल्या असतात. माझे म्हणणे असे की या आखणीत काशी दिसतच नाही. काशीसाठी एक अख्खा दिवस पाण्यावर काढायला हवा. सकाळ घाटांच्या काठाकाठाने जावी, दुपार पलीकडच्या तीरावर आणि संध्याकाळ पुन्हा या बाजूला. ही चैन नाही. हे शहर ज्या रीतीने वसले आणि बांधले गेले, ती रीत जमिनीवरून कळू शकत नाही.

याचे पहिले कारण नदीचे आहे. हिमालयातून उतरून पूर्वेकडे निघालेली गंगा इथे काही मैल उत्तरेला वळते. या वळणाची बाहेरची बाजू पश्चिमेला येते. तिथला काठ कंकर मिसळलेल्या चिकट, घट्ट मातीचा आणि उंच. प्रवाह त्याला घासत राहतो, पण तो सहजी खचत नाही. आतल्या, पूर्वेच्या बाजूला प्रवाह मंदावतो आणि वाळू टाकतो. म्हणून शहर एकाच काठावर आहे आणि समोर मोकळी रेती आहे. अस्सीपासून वरुणासंगमावरच्या आदिकेशवापर्यंत सुमारे ७ किलोमीटरची ही चंद्रकोर. तिच्यावर रूढ गणतीने ८४ घाट. शहराच्या आतून त्यांच्याकडे येणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद की वाड्याच्या मागच्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही, आणि घाटावर उभे राहिले तर आपण त्या वाड्याच्या पायाशीच असतो. वाड्याचा दर्शनी भाग, त्याचे बुरूज, त्यावरचे सज्जे हे सगळे नदीकडे तोंड करून आहे. ते पाहण्याची जागा नदीतच आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानतात. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी हीच पातळी ६० मीटरच्याही खाली असते. म्हणजे एकाच वर्षात नदी चार मजली घराएवढी वरखाली होऊ शकते. हे आकडे हाताशी ठेवून होडीतून घाटाकडे पाहिले की बांधणीचे कोडे सुटत जाते. पायऱ्या इतक्या का, मधूनमधून अष्टकोनी मढ्या का, वाड्यांच्या खालच्या भिंती किल्ल्यासारख्या आंधळ्या आणि खिडक्या एवढ्या वर का, याचे उत्तर पुराच्या पाण्यात आहे. नदीने सगळ्यांनाच यश दिले नाही. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधवलेला शिंदे घाट स्वतःच्या ओझ्याने खचला, तो पुढे पुन्हा बांधावा लागला. त्याच्याशेजारचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ एका अंगाला स्पष्ट कललेले आहे आणि वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. दगड आणि पाणी यांची ही झटापट संध्याकाळच्या दिव्यांच्या झगमगाटात दिसत नाही.

मराठी वाचकाला तर या दिवसासाठी आणखी एक सबळ कारण आहे. संध्याकाळची नाव जिथून परत फिरते, त्या मणिकर्णिकेच्या पुढेच मराठ्यांची काशी सलग सुरू होते. शिंदे घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, अमृतराव पेशव्यांच्या विनायकाचा गणेश घाट, राम घाट, शिंद्यांच्या दिवाणांच्या नावाचा जटार घाट, ग्वाल्हेर घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. वल्ह्याच्या नावेतून हा टप्पा अर्ध्या तासात सरतो, पण त्यात १८ व्या शतकाच्या मराठी राजकारणातली निम्मी घराणी भेटतात. पेशव्यांना पूज्य असलेले नारायण दीक्षित पाटणकर काशीत येऊन राहिले आणि त्यांनी याच भागात घाट बांधवले. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेतल्या राज्यकर्त्यांनी त्यांची बडदास्त राखली. १७७७ ते १७८० या काळात अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. त्यांच्या नावाचा घाट दशाश्वमेधाला लागून आहे, आणि पंचगंगेवरचा दगडी सहस्रदीपस्तंभही त्यांचाच मानतात. तिथेच वर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे. जुन्या बिंदुमाधवाच्या जागी औरंगजेबाच्या काळात उभी राहिलेली मशीदही त्याला लागूनच आहे. बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकवणारे इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात आजची काशी ही बव्हंशी मराठ्यांची निर्मिती आहे, असे मत मांडले. ते पारखायचे असेल तर होडीत बसून ही रांग एकदा सलग पाहावी.

यावर रास्त आक्षेप येतो की हा मराठी अभिमानाचा फुगारा आहे. काशी साऱ्या देशाची, तिथे आपली नावे मोजत काय फिरायचे? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तरही पाण्यातूनच मिळते. मानमंदिर घाटावर आमेरच्या मानसिंहाचा वाडा आणि वर सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे, चेतसिंह घाटावर काशीनरेशांचा गढीवजा वाडा आहे, केदार घाटावर दक्षिणेची लगबग आहे. नागपूरकरांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १९ व्या शतकाच्या आरंभी बांधवलेल्या वाड्याचा मोठा भाग शंभर वर्षांनी दरभंग्याच्या महाराजांनी घेतला, म्हणून आज मुन्शी घाट आणि दरभंगा घाट जोडून दिसतात. या शहरावर मराठ्यांचे राज्य कधीच नव्हते. ते अवधच्या नबाबाकडून मिळावे म्हणून पेशव्यांनी खटपट केली, ती फळली नाही. तरीही त्यांनी परक्या मुलखात, परक्यांच्या परवानगीने दगडावर पैसा ओतला. तो पैसा कुठून आला, हेही विसरू नये. चौथाई आणि स्वाऱ्यांचा वाटा त्यात होता. मला या घाटांत विजयापेक्षा वेगळे काही दिसते. १८०३ नंतर अमृतराव पेशवे इंग्रजांच्या तनख्यावर इकडे राहिले. पुण्याची गादी गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी अप्पा इथे आले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. अस्सीजवळ भदैनीला तिचे जन्मस्थान दाखवतात. राज्य हरवलेल्या माणसांचे आश्रयस्थान म्हणूनही हा काठ आपला आहे, आणि त्या नात्यात मिरवण्याजोगे फारसे काही नाही. समजून घेण्याजोगे मात्र पुष्कळ आहे.

दुसरा आक्षेप भाविकांचा. आम्ही पुण्यासाठी येतो, जलविहारासाठी नाही, असे ते म्हणतील. पण दिवसभराची नावेची फेरी पर्यटन खात्याने शोधलेली नाही. काशीच्या जुन्या विधींमध्ये पंचतीर्थी यात्रा आहे: अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका. हा क्रम नकाशावर ठेवून पाहावा. दक्षिणेच्या टोकाला स्नान करून प्रवाहाबरोबर उत्तरेच्या टोकापर्यंत जायचे आणि मग उलट, प्रवाहाविरुद्ध, मध्यापर्यंत परत यायचे. म्हणजे उत्तरेकडचा, मराठी घाटांचा टप्पा यात्रेकरू जाताना एकदा आणि येताना एकदा पाहणारच. प्रत्येक ठिकाणी उतरणे, स्नान किंवा आचमन, संकल्प, देवदर्शन धरले तर हा कार्यक्रम दुपारपर्यंत सहज जातो. ज्या भट्ट घराण्यात गागाभट्ट झाले, त्याच मूळच्या पैठणच्या घराण्यातील नारायणभट्टांनी १६ व्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ रचून या तीन क्षेत्रांचे विधी लावून दिले. यात्रेला घाई नव्हती, ती आपण आणली. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथ धाम खुले झाल्यापासून तर ललिता घाटाच्या बाजूने, नदीवरून थेट देवळाकडे जाण्याची वाट मोकळी झाली आहे. नावेतून उतरून दर्शन घेणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे.

दिवसभर का, तर उजेडासाठीही. घाट पूर्वाभिमुख आहेत. सूर्योदयापासून नऊ-दहापर्यंत दगडाचा प्रत्येक कोपरा उजळलेला असतो, दुपार कलली की सारी रांग सावलीत जाते आणि मग उजेड पलीकडे पडतो. त्या वेळी नावेने पलीकडे जावे. समोरची रेती हे काशीचे बेट म्हणावे असे ठिकाण आहे. पावसाळ्यात ती पूर्ण बुडते आणि पाणी ओसरल्यावर दरवर्षी थोडी निराळी होऊन वर येते. इथे वस्ती नाही, याचे कारण काही जण या तीराला मोक्ष नाही या समजुतीत शोधतात. मला नदीचे कारण पुरेसे वाटते. २०२१ मध्ये या रेतीतून काही किलोमीटरचा कालवा खोदला गेला, तो त्याच वर्षीच्या पुरात गेला. २०२३ च्या जानेवारीत इथे तंबूंचे शहर उभे राहिले, ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. रामनगर ते मालवीय पूल हा ७ किलोमीटरचा पट्टा १९८९ पासून कासवांचे अभयारण्य होता; २०२० मध्ये त्याची अधिसूचना मागे घेण्यात आली. नदीचा जो काठ तिने स्वतःसाठी राखला आहे, तिथे पक्के काही बांधू नये, एवढे या घटनांवरून म्हणायला हरकत नाही. रेतीवर पाय ठेवून पश्चिमेकडे पाहिले की ती सबंध चंद्रकोर एका नजरेत येते. घाटावर महिनाभर राहूनही ती तशी दिसत नाही. तिथून प्रवाहाविरुद्ध थोडे वर गेले की रामनगर. काशीनरेशांचा चुनारी दगडाचा किल्ला, किल्ल्यातले व्यासांचे देऊळ, आणि आश्विनात महिनाभर गावभर चालणारी रामलीला. चुनारच्या खाणी याच नदीवर आणखी वर आहेत. अशोकाचे स्तंभ आणि काशीचे घाट एकाच दगडाचे, हे लक्षात आले म्हणजे नदी ही रस्ताही होती, हे पटते.

मोठ्या क्रूझ बोटी हे सगळे दाखवत नाहीत का? २०२३ च्या १३ जानेवारीला इथून निघालेली ‘गंगा विलास’ तर ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर कापून दिब्रुगडला गेली. वातानुकूलित क्रूझ वृद्धांना सोयीची आहे, यात वाद नाही. पण ती मधल्या धारेने जाते, ब्रह्मा घाटाच्या पायरीला टेकत नाही, आणि काचेआडून घाटावरच्या माणसांचे बोलणे ऐकू येत नाही. मला पटणारा पर्याय म्हणजे जाताना प्रवाहाबरोबर वल्ह्याची नाव आणि परतताना इंजिनाची. डिझेलच्या शेकडो नावा आता सीएनजीवर आल्या आहेत, धूर कमी झाला, पण आवाज राहिलाच. गंगेतली सूस, म्हणजे २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर असलेली डॉल्फिन, जवळजवळ आंधळी असते आणि ध्वनीच्या आधारे वाट काढते. काशीच्या खाली, गोमतीसंगमावरच्या कैथीच्या आसपास ती दिसते. तिच्या पाण्यात इंजिनांचा गोंगाट जितका कमी, तितके बरे. निषाद-मल्लाह समाजाच्या हातातले वल्हेही टिकायला हवे. घाटांचे बारकावे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ठाऊक आहेत, ती माणसे मोठ्या बोटींच्या तिकीट खिडकीवर बसलेली नसतात.

वय झालेल्यांना दिवसभर नाव झेपेल का, हा प्रश्न घरोघरी निघेल. खरे तर गुडघे दुखणाऱ्याला घाटाच्या शेकडो पायऱ्या चढण्या-उतरण्यापेक्षा छत असलेल्या बजऱ्यात बसणे सोपे जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, मात्र डिसेंबर-जानेवारीत धुके विरल्यावरच निघावे. पावसाळ्यात पाणी चढले की नावा बंदच असतात आणि त्या असाव्यातही. प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे का, हे बसण्याआधी पाहावे आणि दिवसाचा दर, थांबे, परतीची वेळ आधीच ठरवून घ्यावी. हरिश्चंद्र आणि मणिकर्णिका या घाटांसमोर नाव थोडी दूर ठेवायला सांगावे आणि छायाचित्र काढू नये, कारण तिथे कुणाच्या तरी घरचे माणूस गेलेले असते. सहल कंपन्यांकडे मागायची गोष्टही साधी आहे: काशीच्या मुक्कामात एक दिवस वाढवा, नाव अस्सीवरून पहाटे सोडा आणि ती मणिकर्णिकेवरून परत फिरवू नका.