साहेब पीजीला गेले

मागच्या वर्षी वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही एका डोंगराळ आदिवासी तालुक्यातील खेड्यात मुक्कामाला होतो. रात्री वाचन आटोपले, खीर झाली, आणि अंथरुणावर पाठ टेकतो न टेकतो तोच ज्या उपासकाच्या घरी उतरलो होतो त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावावा तर मोबाईलला रेंज नाही. पाऊस असा की दारातले दिसू नये. शेवटी गावातल्या एकाची भाजीपाल्याची गाडी मिळाली. मागे गादी टाकली, वर ताडपत्री धरली आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले.

केंद्रात दिवा होता, सिस्टर होत्या. डॉक्टर नव्हते. आम्ही विचारले तर सिस्टर म्हणाल्या, "काका, साहेब पीजीला गेले. नव्यांची ऑर्डर निघाली म्हणतात, पण अजून हजर झाले नाहीत." सासूबाईंनी हात जोडले, "बाई, मग तूच बघ आता माझ्या लेकराकडे." पहाटेच्या सुमारास मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भगिनी वाचकांचा जीव तिथेच अडकलेला असणार.

आमच्या मनात मात्र सिस्टरांचे ते वाक्य रुतून बसले. आम्ही पेशाने कारकून. निम्मे आयुष्य शासन निर्णयांच्या फायलीत गेले. दुर्गम भागात डॉक्टर यावेत, टिकावेत म्हणून सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. बरेच केले आहे. मग साहेब गेले कसे? उत्तर असे की सरकारच्याच योजनेने गेले.

जरा समजून घेऊ. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, ते तेथे आहेत तोवर, एकस्तर वरची वेतनश्रेणी देऊ केली. नक्षलग्रस्त भागासाठी मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता ठेवला, पण किमान २०० आणि कमाल १५०० रुपये. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना हे लागू. दीड हजारात आज तालुक्याला शिकणाऱ्या मुलाच्या खोलीचे भाडेही निघत नाही. डॉक्टरने त्यासाठी डोंगर चढावा ही अपेक्षाच वेडी.

म्हणून डॉक्टरांसाठी दुसरे आमिष आले आणि ते मोठे होते. मेडिकल कौन्सिलच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या नियमांत तरतूद झाली की, सरकारी सेवेतल्या डॉक्टरने दुर्गम वा अवघड भागात काम केले तर दर वर्षामागे त्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांत १० टक्क्यांपर्यंत भर, जास्तीत जास्त ३० टक्के. म्हणजे तीन वर्षांत खाते भरले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही भर वैध ठरवली. पुढे ३१ ऑगस्ट २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. आमची मुले राखीव जागेवर डॉक्टर झाली की "गुणवत्ता बुडाली" म्हणून गळा काढणारे आपल्याला जन्मभर भेटत आले. परीक्षेतला आकडा म्हणजे सगळी लायकी नव्हे, समाजाची गरज काय आणि कोण तिथे जाऊन राबतो हेही तोलावे लागते, हे या दोन निकालांनी मान्य केले. आपण तरी वेगळे काय म्हणत होतो?

आता मूळ मुद्दा. भर घालायला हरकत नाही, पण तिचा स्वभाव ओळखा. भत्ता माणूस तिथे आहे तोवर मिळतो, गुण मात्र तिथून निघण्यासाठी मिळतात. बक्षीस म्हणून हातात काय, तर परतीचे तिकीट. तीन वर्षांची शिडी चढून साहेब शहरात गेले, आणि शिडी जिथे टेकवली होती ते गाव तिथेच. घटनापीठालाही याची जाणीव होती असे दिसते. या जागांवर शिकलेल्यांनी पदवीनंतर किमान पाच वर्षे ग्रामीण, आदिवासी, डोंगरी भागात सेवा द्यावी आणि तसे बंधपत्र करून घ्यावे, असे न्यायालयाने राज्यांना सुचवले. पण परत आलेला तज्ज्ञ बसणार कुठे? बाळंतपणाचा तज्ज्ञ आला आणि भूलतज्ज्ञ नसला, रक्त नसले, तर सिझरची बाई पुन्हा जिल्ह्यालाच पाठवायची.

बंधपत्राचीही एक गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीतला पहिला मुलगा सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाला. आई धुणीभांडी करणारी. सत्कार आम्हीच घडवून आणला होता. सरकारी खर्चाने शिकलेल्याने एक वर्ष सेवा द्यावी, नाहीतर दहा लाख भरावेत, असा तेव्हा नियम होता. त्याच्या काही वर्गमित्रांच्या वडिलांनी रक्कम भरून पोरे मोकळी केली. आमच्या पोराचे दहा लाख कोण भरणार? तो गेला. नियम सर्वांना एकच, पण ज्याच्या खिशात पैसा त्याला तो दंड आणि ज्याच्या नाही त्याला ती सक्ती. निवासस्थान गळके, पाणी हापशाचे, आणि पहिला पगार चौथ्या महिन्यात. सुटीत घरी आला तेव्हा म्हणाला, "काका, प्रोत्साहन राहू द्या, पगार तेवढा एक तारखेला द्यायला सांगा." वर्ष भरले आणि तोही परतला. आम्हाला त्याला बोल लावता आला नाही.

पाड्यापाड्यांतून जे खरे फिरतात त्यांची दखलच कमी. आदिवासी जिल्ह्यांतले भरारी पथकाचे मानसेवी डॉक्टर, बहुतेक आयुर्वेदाचे. त्यांचे मानधन वर्षानुवर्षे २४ हजारांवर होते, २०२० मध्ये ते ४० हजार झाले. नोकरी कायम नाही.

तर मग टिकते कोण? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली जगभरचे अनुभव तपासून ग्रामीण भागातल्या मनुष्यबळाविषयी शिफारशी केल्या, २०२१ मध्ये त्या सुधारून पुन्हा दिल्या. त्यातली ठळक गोष्ट अशी की, जो खेड्यात वाढला तो शिकून खेड्यात राहण्याची शक्यता जास्त. तेव्हा त्याच मुलांना निवडून शिकवा. जपानने हे कधीच करून पाहिले. तिथे १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले. प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडायचे, शिक्षणाचा खर्च कर्जाऊ द्यायचा, आणि आपल्याच प्रांतात साधारण नऊ वर्षे सेवा केली की कर्ज माफ. तिथे निवड करतानाच परत कुठे जायचे ते ठरलेले असते. आपण आधी निवडतो आणि मग पाठवायला आमिष शोधतो.

आमच्या सिस्टर त्याच तालुक्यातल्या. चौदा वर्षे त्या भागात आहेत. आम्ही कौतुकाने कारण विचारले. त्यांनी काही सेवाव्रताचे भाषण दिले नाही. म्हणाल्या, "मिस्टर इथल्याच शाळेत गुरुजी आहेत. सासू मुलांना बघते. मग जाऊ कशाला?" पती-पत्नी एकत्रीकरणाचा साधा नियम, ज्यावर सरकारचा एक पैसाही जादा खर्च होत नाही, त्याने चौदा वर्षे एक केंद्र उघडे ठेवले. त्यांना कुठल्या परीक्षेत वाढीव गुण नाहीत, आणि त्या रात्री केंद्रात त्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी आमच्या हाती एक अर्ज दिला. एकस्तर वेतनश्रेणीचा त्यांचा प्रस्ताव बरेच दिवस एका कार्यालयात पडून होता. "तुम्ही ऑफिसातले काका, तेवढे बघा ना." आम्ही त्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला सेवापुस्तक सापडत नव्हते. दुसऱ्या खेपेला सापडले, पण नोंद घेणारे आमचेच बंधू, कारकून, रजेवर होते. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.