पॅरिशच्या दप्तरातील बाई

इंग्लंडातील एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या मुलीचा कुलवृत्तांत शोधू जाणाऱ्यास प्रथम पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीच्या, नोंदवहीचा आश्रय करावा लागतो. १५३८ साली आठव्या हेन्रीचा कारभारी टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पाद्र्याने दर रविवारी आठवड्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने वहीत रुजू करावीत आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. रयतेला ही नव्या कराची पूर्वतयारी वाटली. असा संशय कोणत्याही मुलखातील रयतेस येतोच.

या दप्तराचे गुणदोष ज्या बाईच्या बाबतीत उत्तम दिसतात, ती म्हणजे स्ट्रॅटफर्डजवळच्या शॉटरीची ॲन हॅथवे. शेक्सपिअरशी लग्न झाले नसते, तर तिची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. थडग्यावरील लेखाप्रमाणे १६२३ च्या ऑगस्टात ६७ व्या वर्षी ती वारली, म्हणजे जन्म १५५६ च्या सुमाराचा. परंतु जुन्या कागदी वह्यांची चर्मपत्रावर नक्कल करविताना एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदींवर विशेष भर देण्यात आला, आणि स्ट्रॅटफर्डची उपलब्ध वही १५५८ पासूनच सुरू होत असल्यामुळे ॲनचा बाप्तिस्मा तीत नाही.

विवाहाची नोंदही सापडत नाही. सापडतो तो वूस्टरच्या बिशपच्या कचेरीतील २८ नोव्हेंबर १५८२ चा जामीनकतबा : विवाहाची जाहीर घोषणा तीनदा न करता एकदाच करण्याची सवलत मिळावी, म्हणून सँडेल्स व रिचर्डसन या दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांची हमी दिलेली. घाईचे कारण २६ मे १५८३ रोजी सुझॅनाच्या बाप्तिस्म्याने उघड होते. लग्न सावकाश, रीतसर झाले असते, तर हा कतबा लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते! पुढे १६०१ साली व्हिटिंग्टन नावाच्या मेंढपाळाने मृत्युपत्रात स्ट्रॅटफर्डच्या गरिबांना ४० शिलिंग दिले, आणि ते आपले येणे शेक्सपिअरच्या पत्नीकडे आहे असे नमूद केले. तिच्या संसारातील व्यवहाराचा एवढा जिवंत पुरावा दुसरा नाही.

तात्पर्य असे, की अब्रूने व बिनतक्रार नांदलेली बाई दप्तरात हरवते, आणि अडचणीत सापडलेली दिसू लागते. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधूची सही किंवा निशाणी येऊ लागली, तरी पुढे तिचे माहेरचे आडनाव बहुधा लोपतेच. उलट १६६२ च्या वास्तव्य-हक्काच्या (सेटलमेंट) कायद्यान्वये, मदत मागणाऱ्या गरिबास त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्ये परत पाठवता येई. बायकोला नवऱ्याचीच पॅरिश लागू असल्याने विधवेची रवानगी तिने कधी न पाहिलेल्या गावीही होई. त्यासाठी न्यायाधीशासमोर जबानी होई, आणि जन्म कोठला, चाकरी कोणाकडे व किती वर्षे केली, लग्न कोठे लागले, हे सारे कारकून लिहून घेई. जे धनवंतांच्या पत्नींच्या वाट्याला आले नाही, ते आत्मवृत्त या दरिद्री बायकांना अशा रीतीने लाभले.

म्हणून नोंदवहीत नाव न आढळल्यास शोधकाने निराश न होता गरिबांच्या मदतीचे हिशेब व या जबान्या मागवून पाहाव्यात. हे जुने कागद आता बहुतेक ठिकाणी परगण्याच्या अभिलेखागारांत ठेवलेले आहेत.