उशीचं तोंड

शिरवळच्या कारखान्यांवर लिही, म्हणून संपादकांनी पाठवलं होतं. सारोळ्याजवळ नीरा ओलांडली, सातारा जिल्हा लागला आणि महामार्गालगतच्या एका गादी कारखान्यापाशी पाय थबकले. पत्र्याची शेड, कापूस पिंजायचं यंत्र आणि दाराशी उजेडात पायाने चालवायचं काळं शिलाई मशीन. त्यावर एक चाचा भरलेल्या उशीचं तोंड शिवत होते. दुपार तिथेच गेली.

खोळीच्या तीन बाजू शिवणं कुणालाही जमतं. कापूस भरल्यावर उरलेली चौथी बाजू मात्र अंत पाहते. कारण मशीनच्या घडणीतच आहे. टोकाशी भोक असलेली सुई आणि दोन धाग्यांचा टाका, याचं पेटंट एलियास होवे यांनी १८४६ मध्ये घेतलं. कापड सरकवणाऱ्या दात्यांची चतुर रचना ॲलन विल्सन यांनी १८५४ मध्ये आणली. दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली बसतात, मागे फिरतात. पण ते कापडाच्या खाली! खालचा पदर चालतो, वरचा दाबाखाली रेंगाळतो. त्यात कापूस फुगून वरचा पदर ओढतो, आणि शिवण संपता संपता चुणी पडते.

चाचा आधी चार बोटं कापूस आत रेटतात. काठ आत दुमडतात. सुईच्या उजव्या हाताला जागा अरुंद, म्हणून उशीचा सगळा फुगारा डावीकडे, फळीवर टेकवलेला. दाबाचा स्क्रू सैल केलेला. डावा अंगठा वरचा पदर टाक्याटाक्याला केसभर पुढे लोटत असतो. या अंगठ्यावरून माझी नजर हटेना. शिवणीत कापसाची गुठळी आली तर सुई वाकते, पत्रीवर आपटून मोडते. तंतू बॉबीनपाशी साचतात, ते ब्रशने काढावे लागतात.

गादी मशीनखाली मावतच नाही. तिचं तोंड हातानेच शिवायचं. मोठ्या कारखान्यांत गादी टेबलावर राहते आणि शिवणारं यंत्रच तिच्या काठाने फिरतं.

चाचांचा टाका लांब असतो. मला वाटलं, घाई. पण ही शिवण पुढे उसवायचीच असते. वापरून कापूस दबतो, गुठळ्या होतात. मग तोंड उसवून तोच कापूस पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायचा. आता फोमच्या गाद्या घरोघर आल्या. फोम बसला की पिंजता येत नाही, गादी थेट कचऱ्यात जाते. उसवायला येणारं गिऱ्हाईक कमी होतंय, आणि या कामावरचा माणूसही. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, दमा लावते. चाचांच्या तोंडावर साधा रुमाल होता. अशा प्रत्येक शेडमध्ये चांगला मास्क आणि धूळ बाहेर ओढणारा पंखा हवाच.

माळ्यावर आजीच्या वेळची गादी असेल तर टाकू नका. उसवून, पिंजून घ्या.